चेहरा नको, ओळ ऐका

२००७ सालचा ऑगस्ट. सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'द इंडिपेंडंट' या सभागृहात एम. एफ. डूम या रॅपरला ऐकायला लोक तिकिटं काढून जमले होते. धातूचा मुखवटा घातलेला एक माणूस स्टेजवर आला, टाळ्या-शिट्ट्या झाल्या, गाणं सुरू झालं. आणि मग पुढच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. माणूस नेहमीपेक्षा सडपातळ दिसत होता. आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला, माइक नुसता शोभेला, अशी शंका लोकांना येऊ लागली. थोड्याच वेळात तो आत निघून गेला आणि सभागृहात हुर्यो उडाली. नंतर उघड झालं ते असं, की डूम अनेकदा स्वतःऐवजी दुसऱ्याच कुणाला तरी मुखवटा देऊन पाठवत असे.

'फँटॅस्टिक फोर' या कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम या खलनायकाकडे हुबेहूब त्याच्यासारखे दिसणारे यंत्रमानव असतात, त्यांना 'डूमबॉट' म्हणतात. चिडलेल्या चाहत्यांनी या तोतयांना तेच नाव दिलं. खुद्द डूमला जाब विचारला गेला तेव्हा त्याने माफी वगैरे मागितली नाही. डूम हे एक पात्र आहे, मी त्याचा लेखक आणि दिग्दर्शक आहे, त्या भूमिकेत कुठला नट उभा करायचा ते मी ठरवणार, असा त्याचा युक्तिवाद होता.

युक्तिवाद चतुर आहे, पण ज्याने खिशातले पैसे मोजले त्याच्यासाठी ही सरळसरळ फसवणूक होती. नवल याचं, की असं करूनही त्याची पत उतरली नाही. पुढे तर तोतयेगिरी हा सगळ्यांना ठाऊक असलेला विनोदच होऊन बसला. २०१९ मध्ये अ‍ॅडल्ट स्विम या वाहिनीच्या महोत्सवात हॅनिबल बरेस हा विनोदवीर तोच मुखवटा चढवून डूमच्या जागी अवतरला होता.

वर्षभरात डूम गेला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी, इंग्लंडमधल्या लीड्स शहरात, वयाच्या ४९ व्या वर्षी. अमेरिकेत ज्या दिवशी पोरं-थोरं मुखवटे घालून हिंडतात, तो हॅलोवीनचा दिवस. जगाला ही बातमी कळली ती थेट ३१ डिसेंबरला, पत्नी जॅस्मिन हिने इन्स्टाग्रामवर लिहिलं तेव्हा. इतक्या नावाजलेल्या माणसाचा मृत्यू या काळात दोन महिने झाकून राहावा, हे दुसऱ्या कुठल्या रॅपरच्या बाबतीत शक्य झालं नसतं.

टुपॅक शकूर आणि डूम हे दोघं १९७१ सालचे, एकमेकांपासून महिन्याभराच्या आत जन्मलेले. टुपॅकचा जन्म १६ जूनचा, डूमचा १३ जुलैचा. टुपॅक १९९६ मध्ये पंचविशीतच गोळ्यांना बळी पडला आणि त्याचा चेहरा, डोक्याला बांधलेला तो रुमाल, पोटावरचं गोंदण, सगळं जगभरच्या भिंतींवर आणि टी-शर्टांवर पोचलं. रॅपर म्हणजे त्याचं आयुष्य, त्याचं शरीर, त्याच्या जखमा, हा समज टुपॅकने पक्का केला. डूमने नेमकी उलटी वाट धरली. हिप हॉपवर आज या दुसऱ्या वाटेचा जो प्रभाव दिसतो, तो खपाच्या आकड्यांवरून कळणारा नाही. डूमचा सर्वांत गाजलेला अल्बम बिलबोर्डच्या यादीत १७९ व्या क्रमांकाच्या वर कधी चढला नाही.

०

खरं नाव डॅनियल डुमिले. जन्म लंडनचा, आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आलं आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, लाँग बीच या किनाऱ्यावरच्या गावात तो वाढला. धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे हा त्याचा सावलीसारखा सोबती. १९८८ च्या सुमारास दोघांनी मिळून 'केएमडी' नावाचा गट काढला. डॅनियल झाला झेव्ह लव्ह एक्स, भाऊ झाला डीजे सबरॉक.

१९८९ मध्ये 'थर्ड बेस' या गटाच्या 'द गॅस फेस' या गाण्यात झेव्ह लव्ह एक्सला एक कडवं मिळालं. ते लोकांच्या लक्षात राहिलं, आणि इलेक्ट्रा या बड्या कंपनीने केएमडीला करारबद्ध केलं. १९९१ च्या 'मिस्टर हूड' या पहिल्या अल्बममध्ये पुढच्या डूमची चाहूल आहे. भाषा शिकवण्यासाठी काढलेल्या जुन्या रेकॉर्डवरचा एका गृहस्थाचा नाकासमोर चालणारा, शिष्ट आवाज कापून या पोरांनी त्याला अल्बमभर एक पात्र म्हणून फिरवलं आणि त्याच्याशी गप्पा मारल्या. त्या काळच्या चित्रफितींत झेव्ह लव्ह एक्सचा चेहरा उघडा आहे. हसरा, कोवळा, खोडकर.

दुसरा अल्बम 'ब्लॅक बास्टर्ड्स' जवळजवळ तयार होता. २३ एप्रिल १९९३ रोजी सबरॉक लाँग आयलंडवरचा एक महामार्ग ओलांडत असताना गाडीखाली सापडला आणि गेला. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. भावाने एकट्याने अल्बम पुरा केला. मुखपृष्ठही त्यानेच काढलं होतं. कृष्णवर्णीयांची टिंगल करण्यासाठी गोरे लोक पिढ्यान्‌पिढ्या जे 'सांबो' नावाचं विद्रूप व्यंगचित्र वापरत, तेच फासावर लटकवलेलं. त्या वर्णद्वेषी प्रतिमेलाच फाशी, असा साधा अर्थ होता. पण 'बिलबोर्ड' साप्ताहिकातल्या एका स्तंभातून त्यावर टीका झाली आणि कंपनी घाबरली. इलेक्ट्रा ही टाइम वॉर्नरच्या छत्राखाली होती, आणि १९९२ मध्ये आइस-टी या रॅपरच्या 'कॉप किलर' या गाण्यावरून टाइम वॉर्नरचे हात चांगलेच पोळले होते. १९९४ मध्ये अल्बम प्रकाशित होण्याआधीच रद्द झाला आणि केएमडीचा करारही संपला.

भाऊ गेला, काम गेलं. डुमिले हिप हॉपच्या जगातून नाहीसा झाला. त्या दिवसांत आपण मॅनहॅटनच्या रस्त्यांवर फिरत होतो, बाकड्यांवर झोपत होतो, असं त्याने पुढे सांगितलं आहे.

१९९७ च्या आसपास तो परतला. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे' आहे. कविता वाचणाऱ्यांना, रॅप करणाऱ्यांना तिथे माइक खुला असतो. तिथे एक माणूस चेहऱ्यावर बायकांचा पायमोजा ओढून रॅप करू लागला. तो हाच. मग केओ नावाच्या ग्राफिटी चित्रकार मित्राच्या मदतीने पायमोज्याच्या जागी मुखवटा आला, आणि तो पुढे धातूचा झाला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये रंगवलेला डॉक्टर डूम हा विद्रूप झालेल्या चेहऱ्यावर लोखंड चढवून जगावर सूड उगवायला निघालेला शास्त्रज्ञ. डुमिलेने त्याचं आडनावच उचललं. आधीची 'एम. एफ.' ही अक्षरं कधी 'मेटल फेस'ची, कधी 'मेटल फिंगर्स'ची. इंग्रजीत हे नाव सगळी अक्षरं मोठी करूनच लिहायचं, असा त्याचा दंडक होता. चाहते आजही एखादं लहान अक्षर दिसलं की लिहिणाऱ्याला धारेवर धरतात. देवनागरीवाले सुटले.

०

'ऑपरेशन: डूम्सडे' हा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम १९९९ मध्ये आला. काढला बॉबिटो गार्सियाच्या 'फॉन्डल एम' या चिमुकल्या कंपनीने. हा बॉबिटो कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर रात्री-अपरात्री हिप हॉपचा कार्यक्रम करायचा. अनेक नवे रॅपर त्या कार्यक्रमातून पुढे आले. तेव्हाचा मुख्य प्रवाह कसा होता, ते आठवून पाहावं. पफ डॅडीचे चकचकीत पोशाख, लाखो डॉलर ओतून केलेल्या चित्रफिती, शॅम्पेन, मोटारी. अशा वेळी हा माणूस जुन्या कार्टूनमधले संवाद, शाडे या गायिकेच्या मऊ गळ्याचा तुकडा, स्टीली डॅन या गटाचा तुकडा घरगुती यंत्रावर जोडून त्यावर घोगऱ्या, अर्धवट झोपेतल्या आवाजात बोलत होता. मुद्रण काहीसं गढूळ, मिश्रण ओबडधोबड. आज 'लो-फाय' म्हणून जे संगीत अभ्यास करणारी पोरं रात्रभर लावून ठेवतात, त्याच्या मुळाशी जी थोडी माणसं आहेत त्यांत डूम येतोच.

पण त्याची खरी कमाई शब्दांत आहे, आणि मराठी वाचकाला ती इतरांपेक्षा लवकर कळावी. साधा रॅपर ओळीच्या शेवटी यमक जुळवतो. डूम दोन-तीन ओळींच्या आरपार एकाच स्वरमाळेचे शब्द पेरत जातो. आरंभी, मध्ये, ओळ संपून दुसरी सुरू होते त्या सांध्यावर. वाक्य तालाच्या चौकटीत संपवायची त्याला घाई नसते. एक मात्रा ओलांडून ते सहज पुढच्या चौकटीत उतरतं. ऐकणाऱ्याला पुढचा शब्द कळलेला असतो, बहुधा तो चावट असतो, आणि ऐन वेळी डूम भलताच निरागस शब्द ठेवून निघून जातो. ध्रुवपद बहुतेकदा नसतंच. स्वतःविषयी बोलतो तेही तृतीय पुरुषात. मोरोपंतांनी ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण रचलं, ते गोष्ट सांगण्यासाठी कमी आणि भाषेला कसरत करायला लावण्यासाठी जास्त. डूमची जात तीच. अर्थात पंतांच्या आर्येत बिअर, कार्टून आणि शिव्या नव्हत्या.

एवढ्याने त्याचं समाधान होईना, म्हणून त्याने आणखी पात्रं उभी केली. २००३ मध्ये जपानी 'गॉडझिला' चित्रपटांतल्या तीन डोक्यांच्या राक्षसावरून 'किंग गीडोरा' झाला आणि पृथ्वीकडे परग्रहावरून पाहणारा अल्बम काढला. त्याच वर्षी 'व्हिक्टर व्हॉन' नावाने, तरुण, तोंडाळ, कॉलर ताठ केलेल्या पोराचा दुसरा. आवाज एकाच माणसाचा, पण पात्रागणिक वृत्ती वेगळी. रॅपमध्ये 'मी' म्हणजे गाणाराच, हे तोवर गृहीत होतं. रस्त्यावर काय पाहिलंस, किती दिवस तुरुंगात होतास, यावर रॅपरचा खरेपणा ठरायचा. डूमने तिथे कादंबरीकाराचा हक्क मागितला.

०

आता 'मॅडव्हिलनी', डूमने मॅडलिबबरोबर केलेला. या अल्बमपाशी जरा थांबायला हवं.

मॅडलिब म्हणजे ओटिस जॅक्सन ज्युनियर, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचा. जुन्या रेकॉर्डींचा अट्टल शिकारी. त्याला डूमबरोबर काम करायचं होतं. त्याची कंपनी 'स्टोन्स थ्रो' लॉस एंजलिसमध्ये एका टेकडीवरच्या घरातून चालायची, आणि घराच्या आवारातलं बाँबहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेलं तळघर हाच स्टुडिओ. डूमला विमानाने बोलावलं गेलं. आधी दीड हजार डॉलर, मग काम, असा पवित्रा त्याच्या बाजूने घेतला गेला आणि करार एका कागदी प्लेटवर लिहून सही झाली, अशी हकिकत कंपनीतल्या मंडळींनी सांगितली आहे.

२००२ मध्ये मॅडलिब ब्राझीलला गेला. साओ पावलोच्या हॉटेलच्या खोलीत त्याने एक छोटा रेकॉर्ड प्लेअर, बॉस कंपनीचं एसपी-३०३ हे छोटेखानी सॅम्पलिंग यंत्र आणि एक टेप डेक मांडला. दिवसा रेकॉर्डींची दुकानं पालथी घालायची, रात्री त्यांतून बीट काढायचे. या अल्बममध्ये मारिया बेथानियाचा आवाज आहे, वाल्दिर काल्मोनचं वाद्यसंगीत आहे, जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या मैफिलीतला तुकडा आहे. त्याच पंक्तीत आपले राहुलदेव बर्मनही बसले आहेत. 'शॅडोज ऑफ टुमॉरो' या गाण्यात 'महाचोर' (१९७६) या चित्रपटातल्या त्यांच्या गाण्याचा तुकडा फिरतो. राजेश खन्नाच्या एका चित्रपटातलं संगीत, कॅलिफोर्नियातल्या तळघरातून जाऊन, मुखवटावाल्या रॅपरच्या अल्बममध्ये. मॅडलिबचा हा नाद तिथेच संपला नाही. २००७ मध्ये त्याने 'बीट कंडक्टा इन इंडिया' हा अख्खा अल्बम हिंदुस्थानी रेकॉर्डींवर उभा केला. अमेरिकी हिप हॉपचं हिंदी चित्रपटसंगीताशी नातं तोवर जरा चोरटं होतं. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्‌स या गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाण्यात लता मंगेशकरांचा आवाज श्रेय न देता वापरला गेला, आणि बप्पी लाहिरी अमेरिकी न्यायालयात गेल्यावर कंपनीला ते महागात पडलं.

'मॅडव्हिलनी' पुरा होण्याआधीच फुटला. कच्च्या मुद्रणाची प्रत इंटरनेटवर आली आणि प्रकाशनाआधी वर्षभर फिरत राहिली. दोघंही वैतागून दुसऱ्या कामांना लागले. परत आले तेव्हा डूमने आपली सगळी कडवी नव्याने म्हटली, पहिल्यापेक्षा खालच्या पट्टीत, निवांत, जणू खुर्चीत रेलून. हा बदल निर्णायक ठरला. २३ मार्च २००४ ला अल्बम आला. बावीस तुकडे, एकूण अवधी पाऊण तासाच्या आसपास, काही गाणी दीड मिनिटातच आटोपतात. रेडिओवर वाजेल असं त्यात एक नाही. मुखपृष्ठावर राखाडी रंगात फक्त मुखवटा आणि कोपऱ्यात नारिंगी रंगाचा एक चौकोन.

डूमच्या इतर कामात भरतीचे तुकडे आहेत, काही अल्बम घाईचे आहेत. २००९ च्या 'बॉर्न लाइक धिस'मध्ये समलिंगी पुरुषांची हिणकस टवाळी करणारं एक गाणं आहे. ते तेव्हाही वाईट होतं, आजही आहे. 'मॅडव्हिलनी'त मात्र काढून टाकावं असं फारसं काही सापडत नाही.

०

त्याच वर्षी, २००४ च्या नोव्हेंबरमध्ये, 'एमएम..फूड' आला. हे शीर्षक म्हणजे त्याच्याच नावाची अक्षरं उलटसुलट करून केलेली. जवळजवळ सगळी गाणी खाण्यापिण्याच्या नावांची. रॅपमध्ये 'बीफ' म्हणजे दोन रॅपरांमधलं वैर. त्या काळी अशा वैरांवर मासिकं चालायची, आणि टुपॅक व बिगी या रॅपरांचे खून होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. डूम या 'बीफ'कडे आचाऱ्याच्या नजरेने पाहतो आणि हे तब्येतीला बरं नव्हे, असं सांगतो.

याच अल्बममधलं 'रॅप स्निच निशेस' आज तेव्हापेक्षा जास्त ऐकलं जातं. निश म्हणजे बटाट्याचं सारण भरलेला ज्यू लोकांचा एक भाजका पदार्थ. गाण्याचा विषय असा, की आपले गुन्हे स्वतःच गाण्यांतून जगजाहीर करणारे रॅपर म्हणजे पोलिसांचे फुकटचे खबरे. सोबतीला मिस्टर फँटॅस्टिक नावाचा एक रॅपर आहे. तो नक्की कोण, हे अजूनही जाहीर झालेलं नाही. डूमच्या अल्बमात त्याच्याहून गूढ पाहुणा! २००४ मध्ये हा विनोद होता. २०२२ च्या मे महिन्यात अटलांटाचा रॅपर यंग ठग याला अटक झाली आणि सरकारी वकिलांनी त्याच्या गाण्यांतल्या ओळी आरोपपत्रात पुरावा म्हणून मांडल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने गाण्यांचे बोल फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरण्यावर मर्यादा घालणारा कायदा केला. गाण्यातला 'मी' आणि न्यायालयातला 'मी' एकच धरायचा का, हा प्रश्न आता वकील घालतात. डूमने त्याचं उत्तर मुखवटा घालून आधीच देऊन ठेवलं होतं.

०

मग तो प्रभाव नक्की कुठे दिसतो?

बीटमध्ये दिसतो. 'स्पेशल हर्ब्स' या मालिकेत डूमने फक्त वाद्यांचे, बिनशब्दांचे बीट काढले आणि प्रत्येकाला औषधी वनस्पतीचं नाहीतर मसाल्याचं नाव दिलं. एकाचं नाव मेथी, एकाचं केशर. वू-टँग गटाच्या घोस्टफेस किल्लाने २००६ च्या 'फिशस्केल'मध्ये त्यांतले बीट घेतले. न्यूयॉर्कच्या जुन्या पिढीतल्या मास्टा एसने २०१२ मध्ये संपूर्ण अल्बम याच मालिकेवर रचला. त्याच वर्षी ब्रुकलिनचा सतरा वर्षांचा जोई बॅडॅस '१९९९' नावाचं मिक्सटेप घेऊन आला, त्यातही डूमचा बीट आहे. वडीलधारे आणि नातवंडं एकाच मसाल्याच्या डब्यातून चिमूट घेत होती.

अल्बमच्या घडणीत दिसतो. लॉस एंजलिसच्या 'ऑड फ्यूचर' या टोळक्यातून टायलर द क्रिएटर आणि अर्ल स्वेटशर्ट हे दोघं पुढे आले. दोघंही डूमचे निस्सीम भक्त. अर्लचा २०१८ चा 'सम रॅप साँग्ज' पाहा. पंधरा गाणी, पंचवीस मिनिटांहून कमी वेळ, ध्रुवपदांना जवळजवळ फाटा, आवाज बीटमध्ये बुडालेला. 'मॅडव्हिलनी' नसता तर कंपनीच्या कुठल्याही अधिकाऱ्याने हा अल्बम अर्धवट म्हणून परत पाठवला असता.

आणि चेहरा लपवण्यात तर दिसतोच. २०१२ मध्ये 'कॅप्टन मर्फी' नावाचा एक अनोळखी रॅपर अवतरला. काही महिने तर्कवितर्क झाल्यावर तो संगीतकार फ्लाइंग लोटस निघाला. लायकेली ४७ ही ब्रुकलिनची रॅपर माकडटोपीने चेहरा झाकून गात पुढे आली. तिने किंवा इतरांनी ही कल्पना डूमकडूनच घेतली, असा दावा इथे नाही. पण एखाद्या रॅपरने चेहरा दाखवायचं नाकारलं तर त्याला माथेफिरू न समजता ऐकून घ्यायची सवय श्रोत्यांना लागली, ती डूममुळे.

'नेहरूव्हियनडूम' हा २०१४ चा अल्बम मराठी वाचकाला गमतीचा वाटेल. डूमने तो बिशप नेहरू या किशोरवयीन न्यूयॉर्ककराबरोबर केला. या मुलाने 'बिशप' घेतला तो 'ज्यूस' या चित्रपटात टुपॅकने केलेल्या पात्रावरून, आणि 'नेहरू' घेतलं ते पंडितजींवरून. अल्बम मात्र मध्यम प्रतीचा आहे, हेही सांगितलं पाहिजे.

आपल्याकडच्या गल्ली रॅपमध्ये डूमचा ठसा शोधायला जाऊ नये. मुंबईच्या पोरांनी घेतलं ते टुपॅक, नॅस, एमिनेम यांच्याकडून. 'गली बॉय'च्या (२०१९) श्रेयनामावलीत कार्यकारी निर्माता म्हणून नॅसचंच नाव आहे. ज्यांची वस्ती कुणी पाहत नव्हतं, त्यांना आधी आपला चेहरा आणि पत्ता दाखवायचा होता. मुखवट्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

०

डूमचं शेवटचं दशक हालाचं गेलं. २०१० मध्ये तो युरोपात कार्यक्रम करून परतत होता आणि त्याला अमेरिकेत प्रवेश नाकारला गेला. लहानपणी येऊनही त्याने कधी अमेरिकी नागरिकत्व घेतलं नव्हतं. जन्म लंडनचा म्हणून इंग्लंडने ठेवून घेतलं, पण पत्नी-मुलं अटलांटिकपलीकडे राहिली, ती बऱ्याच काळाने त्याच्याकडे आली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये मलाकाय हा चौदा वर्षांचा मुलगा गेला.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याला लीड्सच्या सेंट जेम्स रुग्णालयात दाखल केलं गेलं. रक्तदाबावर सुरू केलेल्या औषधाची दुर्मीळ प्रतिक्रिया येऊन चेहरा आणि घसा सुजला होता, श्वास अडला होता. २०२३ मध्ये मृत्युचौकशी झाली तेव्हा हे सगळं प्रथमच उघड झालं, आणि रुग्णालयाने कुटुंबाची माफी मागितली.

वह्यांचं प्रकरणही त्याच वर्षीचं. अमेरिकेत प्रवेश बंद झाला तेव्हा त्याच्या गाण्यांच्या वह्या लॉस एंजलिसच्या स्टुडिओत राहिल्या होत्या. एकतीस वह्या. 'स्टोन्स थ्रो'च्या जुन्या व्यवस्थापकाने, इगॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इओथन अलापट याने, त्या जपून ठेवल्या होत्या. अशा ऐवजाची जागा अभिलेखागारात आहे, असं त्याचं म्हणणं. माझ्या नवऱ्याचं खाजगी लेखन मला परत द्या, हे जॅस्मिनचं. तिने दावा लावला, पुढे समझोता झाला आणि वह्या कुटुंबाकडे आल्या.

वह्यांसाठी भांडण व्हावं, हे डूमच्या बाबतीत योग्यच म्हणायचं. टुपॅकची मुकुटाची अंगठी २०२३ मध्ये सदबीजच्या लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. डूमच्या मागे उरलेली किमती चीज म्हणजे ओळीच.

तरी बाजार बाजार आहे. चेहरा विकण्याच्या रीतीला कंटाळून ज्याने मुखवटा घातला, त्याचा मुखवटाच आता विकला जातो. नायकीने त्याच्या नावाचे बूट २००७ मध्येच काढले होते. आता टी-शर्ट, बाहुल्या, धातूच्या नकला, दंडावरची गोंदणं, काही विचारू नका. त्यातल्या किती जणांनी एक अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकला असेल, देव जाणे. लाँग बीचने २०२१ मध्ये त्याच्या जुन्या घराच्या रस्त्याला 'केएमडी-एमएफ डूम वे' हे नाव दिलं, ते जास्त शोभलं. पाटीवर भावासोबतचा गटही आहे.

ज्यांना ऐकून पाहायचं आहे त्यांनी 'एमएम..फूड'पासून सुरुवात करावी. तो सर्वांत मिश्कील आणि सोपा आहे. मग 'ऑपरेशन: डूम्सडे', आणि कान तयार झाल्यावर 'मॅडव्हिलनी', तोही हेडफोन लावून, मधलं काही न वगळता. पहिल्या वेळी अर्ध्याहून अधिक शब्द निसटतील. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचेही निसटतात, तेव्हा बोल समोर ठेवून दुसऱ्यांदा ऐकायला लाजू नये.